न मरणारा उंदीर

गेल्या लावणीच्या दिवसांत रोहा तालुक्यातील एका वाडीत उपासना आटोपल्यावर मंडळीतील एका वृद्ध शेतकरी बंधूंनी आम्हास एक प्रश्न केला. त्यांचा मुलगा व त्यांचा जावई या दोघांनी एकाच खाचरात तीन दिवस लावणी केली. दोघेही एकाच भांड्यातील भाकरी जेवले, एकाच विहिरीचे पाणी प्याले, एकाच चिखलात गुडघ्यापर्यंत उभे राहिले. पुढे दहा दिवसांनी मुलगा तापाने पडला, त्याचे डोळे पिवळे झाले, लघवी बंद होण्याची वेळ आली, आणि त्याला शहराच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे लागले. जावयास मात्र साधे पडसेही आले नाही. "पाळकसाहेब," ते म्हणाले, "जंतू चिखलात होते म्हणता, तर ते एकालाच कसे चावले?"

त्या वेळी आम्ही काहीतरी उत्तर दिले, परंतु ते अपुरे होते हे आम्हास घरी येतानाच कळले. आणखी एक गोष्ट येथे कबूल करणे आम्हास भाग आहे. तापाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्या घरी गेलो होतो. मुलाचे डोळे लाल दिसले ते चुलीच्या धुराने असे आम्ही समजलो. पोटऱ्या ठणकतात असे तो म्हणाला तेव्हा लावणीत वाकून वाकून तसे होतेच असे आम्हीच त्याला सांगितले, आणि तापाची एक गोळी देऊन परतलो. या दोन्ही खुणा लेप्टो ज्वराच्या ठळक खुणा आहेत. आमच्या बोलण्यामुळे त्या घराचे तीन दिवस गेले. यास्तव हा पाठ लिहिताना आम्ही शिकवणारे कमी व शिकणारे अधिक आहोत असे वाचकांनी समजावे.

प्रथम जंतूची ओळख. त्याचे नाव लेप्टोस्पायरा, म्हणजे 'बारीक वेटोळे'. त्याची जाडी इतकी थोडी की एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातील एक भाग होईल. लांबी त्याहून बरीच अधिक, साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत कौलाच्या फटीतून कवडसा पडला म्हणजे एरवी न दिसणारे धूलिकण जसे चमकू लागतात, त्याच युक्तीने, काळ्या पार्श्वभूमीवर बाजूने प्रकाश सोडून, तो पाहावा लागतो. मग स्वतःभोवती गिरक्या घेत वळवळणारा एक चकाकता धागा दिसतो, आणि त्याच्या टोकाशी आकडा असतो. सन 1907 मध्ये अमेरिकेतील स्टिमसन नावाच्या डॉक्टरांनी पीतज्वराने मेला असे समजल्या गेलेल्या एका मनुष्याच्या मूत्रपिंडात हे धागे पाहिले, व त्यांचा आकार प्रश्नचिन्हासारखा दिसला म्हणून लॅटिन भाषेतील 'विचारणारा' या अर्थाचे नाव त्यांना दिले. ते नाव आजही चालू आहे.

पुढे या प्रश्नचिन्हाने एका मोठ्या विद्वानास फसवले. जपानी शास्त्रज्ञ हिदेयो नोगुची यांनी दक्षिण अमेरिकेत पीतज्वराचे म्हणून दाखवलेल्या रोग्यांच्या रक्तात लेप्टोस्पायरा शोधला, हाच पीतज्वराचा जंतू असे जाहीर केले, आणि त्यावर लसही तयार केली. दोन्ही रोगांत ताप, दोन्हींत कावीळ, दोन्हींत रक्तस्राव; बाहेरून पाहता फरक थोडा. परंतु पीतज्वर हा डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूचा रोग आहे असे ठरले, आणि त्याचाच शोध घेत असता 1928 साली आफ्रिकेतील आक्रा येथे नोगुची पीतज्वरानेच मृत्यू पावले. जन्मभर सूक्ष्मदर्शकापाशी बसलेल्या पंडितास जर कावीळ पाहून रोग ओळखता आला नाही, तर आमच्या गावी कावीळ दिसताच झाडपाल्याचा रस देऊन किंवा कावीळ उतरवणाऱ्याकडे नेऊन मोकळे होणाऱ्यांनी किती जपून असावे! तथापि त्या बापड्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हास नाही, हे वर सांगितलेच आहे.

हा रोग नवा नाही. जर्मनीतील आडोल्फ वाइल यांनी 1886 साली त्याचे वर्णन केले; जपानात कोळशाच्या खाणीतील मजुरांना तो होई, आणि तेथेच 1915 च्या सुमारास इनाडा व त्यांचे सहकारी यांनी त्याचा जंतू पकडला व तो उंदरांच्या मूत्रपिंडात राहतो हे दाखवले. आपल्या देशात अंदमान बेटांवर तो पूर्वीपासून आहे. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला व लोक छातीभर पाण्यातून घरी चालत गेले, त्यानंतरच्या आठवड्यांत या तापाने मुंबईत पुष्कळ माणसे रुग्णालयांत दाखल झाली व कित्येक दगावली. तेव्हापासून 'लेप्टो' हा शब्द आमच्या रायगड जिल्ह्यातही घरोघरी झाला. सर्व जगात दर वर्षी सुमारे 10 लाख लोकांना तो होतो व त्यातील सुमारे 59 हजार मरतात असा अंदाज 2015 साली प्रसिद्ध झाला आहे.

आता उंदराकडे वळू. उंदीर व साथ यांचा संबंध लोकांच्या मनात फार जुना आहे. पवित्र शास्त्रात शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात पलिष्ट्यांनी कराराचा कोश परत पाठवताना त्याबरोबर सोन्याच्या गाठी व सोन्याचे उंदीर पाठवले ही कथा लहान मुलांनाही ठाऊक आहे. आमच्या इकडे ही गोष्ट सांगितली की म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या आजोबांकडून ऐकलेला प्लेग आठवतो. सन 1896 च्या सप्टेंबरात मुंबईस मांडवी भागात प्लेग प्रगट झाला, तेव्हा धान्याच्या वखारींत आधी उंदीर मेले व मग माणसे. उंदीर पडू लागले की घर सोडून रानात झोपडी बांधून राहावयाचे, हे शहाणपण त्या काळी लोकांनी स्वतःच्या अनुभवाने मिळवले, आणि ते खरेही होते. मेलेला उंदीर ही एक प्रकारे दवंडीच होती.

लेप्टोचा उंदीर मरत नाही. तो धष्टपुष्ट असतो, पोरे घालतो, शेताच्या बांधात बीळ करून भाताच्या लोंब्या नेतो, पावसात बिळात पाणी शिरले की घराच्या माळ्यावर येतो. त्याच्या मूत्रपिंडातील बारीक नळ्यांच्या आतील अंगास हे जंतू शेवाळासारखे चिकटून राहतात व महिनोन् महिने त्याच्या लघवीवाटे बाहेर पडतात. दवंडी मुळीच होत नाही. म्हणून प्लेगाच्या काळी मिळवलेले शहाणपण येथे उपयोगी पडत नाही, उलट घात करते. "आमच्याकडे एकही उंदीर मेला नाही" असे समाधानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. गाई, म्हशी, डुकरे व कुत्री यांच्याही लघवीतून हे जंतू येतात; परंतु मुख्य वाटेकरी उंदीर व घुशी हेच.

उंदीर का मरत नाही? शरीराच्या संरक्षणशक्तीचा धडा येथूनच सुरू होतो. कोणत्याही प्राण्याच्या शरीरात पहारेकरी पेशी असतात. परका जंतू आत आला की त्याच्या अंगावरील कवचाची खूण त्या ओळखतात व हाक देतात. मग पांढऱ्या पेशी धावतात, ताप चढतो, लढाई सुरू होते. लेप्टोस्पायराच्या कवचातील एक स्निग्ध पदार्थ छोट्या उंदराच्या पहारेकरी पेशींस तत्काळ ओळखता येतो, असे प्रयोगशाळेतील अभ्यासात दिसून आले आहे. म्हणून जंतू त्याच्या रक्तात माजण्यापूर्वीच आवरला जातो. मनुष्याच्या पेशींवरील तोच पहारेकरी याच पदार्थास ओळखत नाही. एकच चोर एका दाराशी पकडला जातो, दुसऱ्या दारातून पाहुण्यासारखा आत येतो. मात्र उंदराचा विजयही पुरा नसतो. रक्तातील जंतू नष्ट होतात, पण मूत्रपिंडाच्या नळ्यांच्या आत रक्तातील शिपाई सहसा पोहोचत नाहीत, आणि तेथे जंतू आपले बिऱ्हाड करतो. उंदीर त्याला हाकलत नाही, तो उंदरास मारत नाही. या तहाची किंमत आम्ही देतो.

संरक्षणशक्ती म्हणजे शरीरातून जंतूंचा समूळ नाश, अशी आमची समजूत पाठशाळेत असल्यापासून होती. उंदराचे उदाहरण वाचल्यावर ती आम्हास सोडावी लागली. प्राणी निरोगी असणे ही एक गोष्ट व तो जंतुरहित असणे ही दुसरी.

आता मनुष्याच्या शरीरात काय घडते ते पाहू. जंतू धडधाकट कातडीतून सहसा जाऊ शकत नाही. परंतु खेकड्याने फोडलेले बोट, तणाच्या पात्याने चिरलेली पोटरी, दिवसभर चिखलात राहून भिजलेली, बोटांच्या बेचक्यांत सडलेली कातडी, ही त्याची दारे होत. डोळे, नाक व तोंड यांच्या ओल्या अस्तरातूनही तो जातो. मग तो रक्तात शिरतो आणि वाढू लागतो. पुष्कळ जंतू अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. याला मात्र आठ तास किंवा त्याहूनही अधिक लागतात. म्हणूनच शेतात उतरल्यापासून ताप येईपर्यंत बहुधा पाच ते चौदा दिवस, कधी महिनाही जातो, आणि तोवर लावणी संपून शेतकरी ती विसरलेला असतो. पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात असतात: थंडी वाजून ताप, तीव्र डोकेदुखी, पोटऱ्या व कंबर हात लावू देत नाहीत इतकी दुखतात, डोळे लाल होतात पण चिपडे येत नाहीत. पाचव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास शरीर अखेर या शत्रूच्या मापाची शस्त्रे घडवते. त्यांस प्रतिपिंड म्हणतात. ते जंतूच्या अंगास चिकटतात व पांढऱ्या पेशी त्यास गिळतात. रक्त स्वच्छ होऊ लागते. बहुतेकांचा ताप येथेच उतरतो. थोड्यांच्या बाबतीत मात्र तोवर यकृत, मूत्रपिंडे किंवा फुप्फुसे यांची हानी झालेली असते. कावीळ होते, लघवी थांबते, खोकल्यातून रक्त पडते. अशा रोग्यांपैकी पुष्कळ वाचत नाहीत.

यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते, ती अधोरेखित करावी अशी आमची विनंती आहे. गावाजवळच्या तपासणी केंद्रात रक्ताची जी साधी परीक्षा होते ती बहुधा प्रतिपिंड शोधते, जंतू नव्हे. तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रतिपिंड तयारच झालेले नसतात. तेव्हा 'लेप्टो नाही' असा कागद हाती आला तरी लेप्टो असू शकतो. कागद पाहून घरी निजून राहणे हा दगा आहे. जंतूचा अंश शोधणारी परीक्षाही आहे व ती पहिल्या आठवड्यातच उपयोगी पडते, पण ती सर्वत्र होत नाही. जाणते डॉक्टर म्हणूनच कागदाची वाट न पाहता, पाऊस, चिखल व लक्षणे ध्यानात घेऊन पेनिसिलिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखे औषध सुरू करतात. मात्र चिखलाची गोष्ट त्यांना आपण सांगितली पाहिजे. आमच्या त्या मुलाने दवाखान्यात "ताप आहे" एवढेच सांगितले होते.

वृद्ध बंधूंच्या प्रश्नाकडे परत येऊ. जावई का वाचला? कदाचित त्याच्या पायास जखम नव्हती. कदाचित तो खाचराच्या वरच्या अंगास, वाहत्या पाण्यात होता व मुलगा बिळांनी पोखरलेल्या बांधाखाली साचलेल्या पाण्यात. कदाचित त्याच्याही अंगात जंतू शिरले, पण थोडे शिरले, व काही न जाणवता आवरले गेले. असे पुष्कळांचे होते, आणि पुढे रक्त तपासले तरच कळते. किंवा कदाचित याच जातीचा जंतू मागच्या एखाद्या पावसाळ्यात त्याला भेटून गेला असेल व त्याची आठवण त्याच्या शरीरात जागी असेल. यांपैकी कोणते खरे ते त्या जावयाचे रक्त पाहिल्याखेरीज कोणी सांगू नये, आम्हीही सांगत नाही.

ही 'आठवण' काय वस्तू आहे? लढाई संपली म्हणजे शरीर सर्व शिपायांस घरी पाठवते, परंतु त्या शत्रूस ओळखणाऱ्या थोड्या पेशी राखून ठेवते. तो पुन्हा आला तर आठवडा न लावता थोड्या वेळात मोठी फौज उभी राहते. लस म्हणजे लढाई न करता ही आठवण देण्याची युक्ती. मुंबईस 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानात ती लस यशस्वीपणे घेणारी ती पहिली. देवीचा विषाणू एकाच मापाचा, मनुष्याशिवाय त्याला दुसरे घर नाही, आणि त्याची आठवण शरीर दीर्घकाळ ठेवते. म्हणून 1975 साली तो आपल्या देशातून गेला, आणि 1980 साली जगातून गेल्याचे जाहीर झाले.

लेप्टोस्पायराचे तसे नाही. कवचाच्या नमुन्यावरून त्याच्या अडीचशेंहून अधिक जाती मोजल्या आहेत, आणि शरीर मुख्यतः कवचच लक्षात ठेवते. एका जातीशी झालेली लढाई दुसऱ्या जातीच्या वेळी फारशी कामास येत नाही. एकदा लेप्टो होऊन गेला, आता भय नाही, असे म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे. क्यूबा, चीन, फ्रान्स या देशांत मनुष्यासाठी लसी केल्या आहेत, पण त्या ठरावीक जातींपुरत्या; आपल्याकडे अशी लस सर्रास वापरात नाही. कुत्र्यास मिळते, धन्यास मिळत नाही.

पेणच्या खारेपाटातील आमचे वाचक विचारतील की आमचे पाणी तर खारट, मग आम्हास भय काय? प्रश्न रास्त आहे. हा जंतू गोड्या ओलाव्यात, ऊन नसलेल्या चिखलात कित्येक आठवडे तगतो. खाऱ्या पाण्यात व कडक उन्हात मात्र लवकर मरतो. तेव्हा मिठागरात पाय बुडवून काम करणाऱ्यास त्या पाण्यापासून भय थोडे. परंतु आषाढाच्या पावसाने खारजमिनीतील क्षार धुऊन गेल्याखेरीज तेथे भातच होत नाही. म्हणजे ज्या दिवसांत तुम्ही लावणीस उतरता त्या दिवसांत ते पाणी गोडेच असते. शिवाय बंदिस्तीला बिळे पाडून खांडी पाडण्यास जे हातभार लावतात तेच हे उंदीर व खेकडे. रोहा-माणगावकडे ज्यांच्या शेतास कालव्याचे पाणी मिळते ते उन्हाळी भातही करतात. त्यांनी हा रोग केवळ पावसाळ्याचा समजू नये.

औषध आधीच घेता येते काय? सन 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पनामाच्या जंगलात गेलेल्या 940 अमेरिकन शिपायांपैकी निम्म्यांस आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन 200 मिलिग्रॅम व निम्म्यांस औषधाविना गोळी दिली. औषध घेणाऱ्यांत एकास, दुसऱ्यांत वीस जणांस लेप्टो झाला. अंदमानात पुढे तसाच प्रयोग झाला, तेव्हा जंतूंचा शिरकाव दोन्ही गटांत सारखाच आढळला, पण प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण औषधाने सुमारे निम्म्यावर आले. म्हणजे गोळी दार बंद करत नाही, आत आलेल्यास दुबळे करते. केरळात व मुंबईत पुराच्या पाण्यातून चाललेल्यांस आरोग्य खाते अशी गोळी देते. ती गरोदर स्त्रियांस व लहान मुलांस चालत नाही. म्हणून दुकानातून मनाने न घेता आशाताईंस किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्यावी. गंबूट चिखलात रुततात व लावणीस सोयीचे नाहीत, हे आम्ही स्वतः घालून पाहिले आहे. तेव्हा ज्यास ते जमत नाहीत त्याने निदान जखमेवर पाणी न शिरेल अशी पट्टी बांधावी, बांधावर येताच साबणाने हातपाय धुवावेत, आणि खाचरातील पाण्याने चूळ भरू नये.

रोग्याच्या घरी जाण्यास कोणी भिऊ नये. माणसापासून माणसास हा रोग जवळजवळ होतच नाही. त्या मुलाच्या घरी शेजाऱ्यांनी आठ दिवस पाऊल टाकले नाही, पाणीही दुरून ठेवले, याचे त्याच्या आईस आजाराइतकेच दुःख झाले.

मुलगा वाचला. काही दिवस त्याचे रक्त यंत्राने शुद्ध करावे लागले, मग मूत्रपिंडे आपले काम पुन्हा करू लागली. भाद्रपदात तो घरी आला, तेव्हा अंगणात बसून त्याने आम्हास विचारले की पुढच्या वर्षी लावणीला जाऊ की नको. शेत त्याचे, पोट त्यावर, नको म्हणणारे आम्ही कोण? एवढे सांगितले की तुझ्या अंगात आता एका जातीची ओळख आहे, बाकीच्यांची नाही. आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठ, दारातूनच सांग की मी चिखलात होतो. त्याचा बाप त्या वेळी पलीकडे बांधावरील बिळे बुजवत होता. जावई त्याला दगड आणून देत होता.